पिल्लू ताटाला तोंड लावत नाही : दुकानातलं काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

पेट शॉपच्या काउंटरवर "पिल्लू काही खातच नाही हो" एवढं म्हणायचा अवकाश, समोर वस्तूंची रांग लागते. आहे त्यापेक्षा महाग ड्राय फूड, ग्रेव्हीचे पाऊच, मूसचा डबा, जेलची ट्यूब, भुकेचं टॉनिक, वरून भुरभुरायची पावडर. या सगळ्यांचा हिशोब इथे मांडला आहे, तो साधारण दोन ते आठ महिन्यांच्या पिल्लासाठी. निकाल आधीच सांगून टाकतो. ग्रेव्हीचं पाऊच नीट वापरलं तर पैसे वसूल. ब्रँड बदलणं बहुतेक वेळा वाया. टॉनिकची बाटली जवळजवळ नेहमीच वाया. आणि सगळ्यांत कामाची वस्तू पेट शॉपमध्ये शोधूच नका. ती भांड्यांच्या दुकानात मिळते, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.

आधी दवाखाना कोणी गाठायचा

लसींचा कोर्स पूर्ण न झालेल्या पिल्लाने जेवण सोडलं, ते कोपऱ्यात मलूल पडून आहे आणि उलट्या किंवा घाण वासाचे, रक्ताळ जुलाब होत आहेत, तर खाण्याचा विचार बाजूला ठेवावा. हा पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर घाला घालणारा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो. दवाखान्यात विष्ठेची किट-चाचणी दहाएक मिनिटांत होते आणि सलाइन किती लवकर लागलं यावर पुष्कळ काही ठरतं. "उद्या सकाळी बघू" हे या आजारात महागात पडतं.

पॉमेरेनियन, शित्झू, चिवावा अशा छोट्या जातींचं, दोन किलोच्या आतलं पिल्लू पाच-सहा तास उपाशी राहिलं तरी त्याच्या रक्तातली साखर घसरू शकते. चालताना झोकांड्या, अंगाला कंप, डोळे तारवटलेले, ही त्याची लक्षणं. अशा वेळी साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना चोळावी आणि तसंच डॉक्टरकडे निघावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

बाकीच्या पिल्लांसाठी व्यवहारात चालणारी मर्यादा अशी : दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाची सलग दोन जेवणं चुकली, दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाने बारा तास आणि त्याहून मोठ्याने चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर तपासून घ्यावं. पाणीही पीत नसेल तर घड्याळ बघत बसू नये. घरी दोन गोष्टी पाहता येतात. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. गुदद्वारातून घेतलेलं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असतं, त्यामुळे माणसाच्या हिशोबाने "ताप आलाय" असं ठरवू नये. पण १०३ च्या वर गेलं आणि अंगावर गोचीड सापडली असेल, तर टिक फिव्हरसाठी रक्ततपासणी हवी. आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्याच्या आगेमागे, न जेवणाऱ्या कुत्र्यांमध्ये हे कारण वारंवार निघतं. हिरड्या फिकट आणि पोट फुगलेलं दिसलं तर जंतांचा संशय घ्यावा. जंताचं औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांपर्यंत द्यायचं असतं, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. अनेक घरांत ते एकदाच दिलं जातं आणि विषय संपतो. एप्रिल-मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा दांडा गिळलेली पिल्लं हमखास दवाखान्यात येतात. जेवण बंद, वारंवार उलटी आणि शी होत नाही, हे तिन्ही एकत्र आलं तर एक्स-रे किंवा सोनोग्राफीशिवाय सुटका नाही.

लस टोचल्यानंतरचा एखादा-दुसरा मंद दिवस आणि नव्या घरातले पहिले दोन-तीन दिवस मात्र सोडून द्यावेत. त्यासाठी काही विकत आणायची गरज नसते.

खरंच खात नाही का?

पिल्लू उड्या मारतंय, शी घट्ट आहे, वजन वाढतंय आणि तरी ताटात अर्धं उरतं, ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. तिचं कारण बहुतेक वेळा आकडेमोडीत असतं.

पशुवैद्यक वापरतात ते सूत्र असं : किलोतल्या वजनाचा ०.७५ घात काढायचा, त्याला ७० ने गुणायचं. ही नुसत्या पडून राहण्याची गरज झाली. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला याच्या साधारण तिप्पट कॅलरी लागतात, त्यानंतर साधारण दुप्पट. आता आपल्या देशी पिल्लाचं उदाहरण घ्या. तिसऱ्या महिन्यात वजन ५ किलो, गरज सुमारे ७०० कॅलरी. १०० ग्रॅममध्ये ३६० कॅलरी असलेलं ड्राय फूड दिलं तर दिवसाला १९५ ग्रॅम. पाचव्या महिन्यात वजन ९ किलो, गरज सुमारे ७२५ कॅलरी, म्हणजे २०० ग्रॅम. वजन जवळजवळ दुप्पट झालं आणि खाणं होतं तेवढंच राहिलं. घरच्यांनी मात्र "मोठा झालाय" म्हणून वाटी वाढवलेली असते. उरलेल्या अर्ध्या वाटीकडे बघून सगळे हवालदिल होतात, मग कोणीतरी चिकन उकडतं, आणि उरवलं की चिकन येतं हे पिल्लाला दोनच दिवसांत समजतं.

दुसरी चोरवाट बिस्किटांची. पार्ले-जीसारख्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅमला साधारण ४५० कॅलरी असतात. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर चार, शाळेतून आल्यावर मुलांनी लपवून दिलेली पाच, रात्री "जेवला नाही बिचारा" म्हणून आणखी काही, अशी ५० ग्रॅम सहज होतात. ५ किलोच्या पिल्लाची दिवसाची एक तृतीयांश भूक तिथेच मेली. खाऊ, बिस्किटं, ट्रेनिंगचे तुकडे मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसले पाहिजेत. ५ किलोच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला ७० कॅलरी म्हणजे तीच बिस्किटं १५ ग्रॅम.

म्हणून वजनकाटा. पिशवीबरोबर मिळणारा प्लॅस्टिकचा कप शिगोशीग आणि सपाट यांत बराच फरक दाखवतो, शिवाय प्रत्येक ब्रँडच्या दाण्याचं वजन वेगळं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा काटा पुरे. सकाळीच दिवसभराचं मोजून एका डब्यात काढून ठेवावं आणि घरात कोणीही काहीही द्यायचं ते त्याच डब्यातून. आठवड्यातून एकदा पिल्लाला कडेवर घेऊन माणसाच्या काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. फासळ्या हाताला लागतात, पण लांबून दिसत नाहीत, आणि वरून पाहिलं तर कंबर कळते, असं पिल्लू उपाशी नसतं.

ड्राय फूड

बाजारात दोन टोकं आहेत. पेडिग्रीच्या 'चिकन अँड मिल्क' पपी फूडवर प्रथिने २४ टक्के आणि चरबी १० टक्के छापलेली असते. रॉयल कॅनिनच्या मॅक्सी पपीत चरबी सोळा टक्क्यांच्या आसपास, तर मिनी स्टार्टरमध्ये बावीसच्या आसपास. चरबी जास्त तशा कॅलरी जास्त आणि वासही जास्त, त्यामुळे नाक मुरडणारं पिल्लू स्टार्टरवर तुटून पडतं. मात्र स्टार्टर हे व्यालेल्या कुत्रीसाठी आणि दोन महिन्यांपर्यंतच्या पिल्लांसाठी बनवलेलं आहे. पाच महिन्यांच्या पिल्लाला तेच चालू ठेवलं तर थोड्याच ग्रॅममध्ये पोट भरतं, ताटात उरतं आणि "हेही खात नाही" अशी नवी तक्रार सुरू होते. खाणं जितकं दाट तितकं ताटात कमी दिसणार, हे लक्षात ठेवून मगच महाग पिशवी उचलावी. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीला मोठ्या जातीचंच पपी फूड द्यावं; त्यात कॅल्शियम आवरतं ठेवलेलं असतं.

ब्रँड बदलण्याबद्दल आमचं मत कडक आहे. नव्या वासाचं अप्रूप तीन-चार दिवस टिकतं. त्या दिवसांत पिल्लू चाटूनपुसून खातं, दुकानदाराला दुवा मिळतो. एकदम बदलल्यामुळे पोट बिघडतं, जुलाब होतात, पिल्लू पुन्हा जेवण सोडतं आणि तिसरी पिशवी घरात येते. बदलायचंच असेल तर सात दिवस घ्यावेत : पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवं, मग दोन दिवस अर्धं, मग दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. 'ग्रेन फ्री' (धान्य नसलेल्या) पिशवीने नखरे कमी होतात याला काही आधार नाही. उलट डाळी-वाटाणे भरपूर असलेल्या अशा खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. शाकाहारी घरांनी आणखी एक बघावं : दुकानात दिसणारं बहुतेक शाकाहारी ड्राय फूड 'ॲडल्ट' शिक्क्याचं असतं. ते पिल्लाला पुरत नाही. पिशवीवर वाढीच्या वयासाठी परिपूर्ण आहाराचा स्पष्ट उल्लेख नसेल तर रंगीत चित्रं बघून फसू नये.

खाणं चांगलं असूनही पिल्लू नाक मुरडतं त्यामागे बऱ्याचदा खवटपणा असतो. ड्राय फूडच्या दाण्यावर शेवटी चरबी आणि यकृताचा अर्क फवारलेला असतो. कुत्र्याला बोलावणारा वास तोच. पिशवी उघडली की हवेने तो थर खवट व्हायला लागतो, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर दाणे मऊ पडून बुरशीही धरते. आपल्याला वास येत नाही, पिल्लाला येतो. म्हणून किलोने सुटं विकलं जाणारं फूड घेऊच नये. मूळ पोतं कधी फोडलं ते कळत नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. पिशवीचा आकारही हिशोबाने घ्यावा. दिवसाला १९५ ग्रॅम खाणाऱ्या पिल्लाला १.२ किलोची पिशवी सहा दिवस, ३ किलोची पंधरा दिवस आणि १० किलोची पन्नास दिवस जाते. उघडल्यापासून महिन्याभरात संपेल तेवढीच आणावी, मोठ्या पिशवीवरची सवलत कितीही खुणावली तरी. दाणे डब्यात ओतू नयेत. मूळ पिशवीचं तोंड गुंडाळून, चिमटा लावून ती पिशवीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. रिकाम्या डब्याच्या तळाशी जुन्या तेलाचा थर राहिला तर नवं फूड त्याच वासाचं होतं.

भिजवून देणं हा फुकटचा उपाय, आणि साडेतीन ते सहा महिन्यांच्या पिल्लासाठी तो पहिला करून बघावा. या काळात २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येत असतात. हिरड्या ठणकतात, खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसतो, पिल्लू ताटापाशी येतं, दाणा उचलतं आणि टाकून देतं. ६५ ग्रॅम दाण्यांना ६५ मिलिलिटर कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवावं. बोटाने सहज चिरडला गेला की दाणा तयार. उकळतं पाणी ओतू नये, त्याने काही जीवनसत्त्वं जातात आणि पीठ होऊन लगदा चिकटतो. भिजवलेलं अन्न उन्हाळ्यात अर्ध्या तासात, एरवी तासाभरात फेकून द्यावं. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याशेजारी तसाच उभा दिसला तर डॉक्टरला दाखवावा.

ग्रेव्हीचे पाऊच

न खाणाऱ्या पिल्लासाठी दुकानातली खरी कामाची वस्तू हीच, आणि सगळ्यांत जास्त चुकीची वापरली जाणारीही हीच.

७० ग्रॅमच्या पाऊचमध्ये साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. राहिला ऐवज चौदा ग्रॅम, कॅलरी साधारण ६०. म्हणजे ५ किलोच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला निव्वळ पाऊचवर जगवायचं तर रोज बारा लागतील. एक पाऊच चाळीस-पन्नास रुपयांचं धरलं तर दिवसाचा खर्च पाचशेच्या वर, जिथे मध्यम किमतीचं ड्राय फूड साठेक रुपयांत भागतं. घरोघरी होतं असं की दिवसाला दोन पाऊच दिले जातात, पिल्लू ते चाटूनपुसून खातं, ड्राय फूडला शिवत नाही, आणि सगळ्यांना वाटतं की "निदान काहीतरी खातंय". प्रत्यक्षात पिल्लाच्या पोटात गरजेच्या सहाव्या हिश्श्याइतकंच जातं. महिन्याभराने वजन थांबलेलं दिसतं.

पाठीमागची छोटी अक्षरं वाचताना एक गफलत टाळावी. पाऊचवर प्रथिने ८ टक्के आणि ड्राय फूडवर २४ टक्के बघून पाऊच निकस ठरवू नये. पाणी वजा करून तुलना करायची. ८२ टक्के पाण्याच्या पाऊचमध्ये कोरडा भाग १८ टक्के, त्यातली ८ टक्के प्रथिने म्हणजे ४४ टक्के झाली. १० टक्के पाण्याच्या ड्राय फूडमधली २४ टक्के म्हणजे जेमतेम २७. निकस नाही, पातळ आहे, एवढंच. मात्र काही पाऊच 'पूरक आहार' म्हणून विकले जातात. त्यांत खनिजं-जीवनसत्त्वांचा पूर्ण हिशोब नसतो.

वापरायची रीत अशी. एका जेवणाला पाऊचचा तिसरा हिस्सा, साधारण चार-पाच चहाचे चमचे. त्यातले तुकडे काट्याने पूर्ण चिरडायचे, दोन मोठे चमचे कोमट पाणी घालून सारखं करायचं आणि मोजलेल्या दाण्यांवर ओतून प्रत्येक दाण्याला लागेपर्यंत कालवायचं. तुकडे अख्खे वर ठेवले तर पिल्लू तेवढेच वेचून घेतं आणि दाणे भांड्याबाहेर उडवतं. तीन जेवणांत मिळून एक पाऊच संपतं, ६० कॅलरी होतात, दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसतात. उरलेलं स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावं, दोन दिवसांच्या वर ठेवू नये. गार ग्रेव्हीला वास येत नाही, म्हणून वाटी गरम पाण्यात धरून अंगाइतकी कोमट करावी. पाऊच तसंच मायक्रोवेव्हमध्ये टाकू नये, आत फॉइल असतं.

आणि ही सवय सोडवायची तारीख पहिल्याच दिवशी ठरवावी. चार दिवस तिसरा हिस्सा, पुढचे चार दिवस त्याच्या निम्मं आणि पाणी तेवढंच, पुढचे चार दिवस एक चमचा ग्रेव्ही विरघळवलेलं पाणी, मग नुसतं कोमट पाणी. यातल्या कुठल्याही टप्प्यावर ताट पंधरा मिनिटं ठेवायचं, खाल्लं नाही तर मुकाट्याने उचलायचं, पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. चार महिन्यांवरचं, तपासून घेतलेलं, खेळकर पिल्लू एखाद-दोन जेवणं सोडून बघतं आणि मग खातं. छोट्या जातीच्या लहान पिल्लावर, आजारातून उठलेल्यावर किंवा वजन न वाढणाऱ्यावर हा पंधरा मिनिटांचा नियम मुळीच लावू नये. हाताने घास भरवणं, भांडं घेऊन मागे फिरणं, "खा ना रे बाळा" म्हणत विनवण्या करणं यांनी जेवण हा एक खेळ होतो, ज्यात पिल्लू जिंकतं.

मूस आणि आजारपणातले डबे

रॉयल कॅनिनचा स्टार्टर मूस १९५ ग्रॅमच्या डब्यात येतो. चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला आईच्या दुधावरून अन्नावर आणायला तो उत्तम. चमच्यावर थरथरतो इतका मऊ, थोड्या पाण्यात लगेच पातळ होतो. चार महिन्यांच्या नखरेल पिल्लासाठी तो आणणं म्हणजे पाऊचचीच महागडी आवृत्ती. याच कंपनीचा रिकव्हरी आणि हिल्सचा ए/डी हे डबे वेगळे. ते ऑपरेशन किंवा मोठ्या आजारानंतर डॉक्टरच्या सांगण्यावरून द्यायचे, थोड्यात भरपूर कॅलरी देणारे. स्वतःच्या मनाने आणून सिरिंजने घशात सोडू नयेत. डोकं वर करून जबरदस्तीने भरवलेलं फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, आणि मळमळत असताना भरवलेल्या खाण्याचा पिल्लू पुढे कायमचा धसका घेतं.

जेल, टॉनिक, पावडरी

व्हिरबॅकच्या न्यूट्री-प्लससारखी जेलं गोडसर, चिकट, कॅलरीने भरलेली असतात. छोट्या जातीचं पिल्लू प्रवासात किंवा लसीनंतर मंद पडलं तर बोटावर घेऊन चाटवायला ती घरात असणं चांगलं, एवढाच त्यांचा उपयोग. रोज जेवणाआधी चाटवली तर तीच भूक मारतात.

लिव्हर टॉनिकच्या बाटल्या "भूक वाढवते" म्हणून सर्रास दिल्या जातात. निरोगी यकृताच्या पिल्लाची भूक त्यांनी वाढते असं मानायला ठोस कारण नाही, आणि त्या जेवणात कालवल्या तर वेगळंच नुकसान होतं : कडवट वासामुळे पिल्लू चांगलं चाललेलं ताटही सोडतं. कॅल्शियमच्या सिरपचंही तेच. परिपूर्ण पपी फूड चालू असताना ते लागत नाही, मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीच्या कॅल्शियमने हाडांचे विकार होतात, आणि चव बदलते ती बदलतेच. पिल्लाने अचानक जेवण सोडलं असेल तर गेल्या आठवड्यात ताटात कुठलं नवं औषध मिसळायला लागलात ते आधी आठवावं. औषध वेगळं, चमचाभर दह्यातून, जेवणानंतर द्यावं.

माणसाच्या भुकेच्या सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असतं. पशुवैद्यक ते कधीकधी देतात, पण मात्रा वजनावर ठरते आणि गुंगी येते. मेडिकलमधून आणून अंदाजाने चमचा देऊ नये. शुगर-फ्री सिरपमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

यकृताची वाळवलेली पावडर टॉपर, म्हणजे खाण्यावर भुरभुरायची चव, म्हणून मिळते. अर्धा चमचा भुरभुरली तर वासाचं काम चोख करते. जास्त दिली तर जीवनसत्त्व 'अ' नको इतकं जातं.

घरचं टॉपिंग

'बोन ब्रॉथ'च्या (हाडांच्या सूपच्या) बाटलीला पैसे घालण्याआधी हे करून बघावं. १०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळायचं. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही. त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. गार झाल्यावर वरची चरबी काढून पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. एका जेवणाला दोन खडे, कोमट करून. घरातल्या रश्शाचं पाणी, मॅगीचा मसाला, बाजारातल्या सूप क्यूब यांत कांदा-लसूण-मीठ असतंच, ते याच्या जागी चालत नाही. दात येत असताना चमचाभर गोड नसलेलं दही किंवा उकडून कुस्करलेला लाल भोपळा बऱ्याच पिल्लांना रुचतो. अर्धं उकडलेलं अंडं म्हणजे ३५-४० कॅलरी, तेवढ्या दाण्यांतून वजा कराव्यात.

नुसतं चिकन-भात मात्र जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम नाहीच्या बरोबर असतं. दोन-तीन महिने तेवढ्यावर वाढलेल्या पिल्लाचे पुढचे पाय वाकतात, हाडं ठिसूळ होतात. दूध-पोळीवर वाढलेल्यांचं प्रथिनांत अडतं, आणि आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही. सेरेलॅक माणसाच्या बाळासाठी आहे; त्यातली प्रथिनं पिल्लाच्या वाढीला अपुरी पडतात. गोड चवीची सवय लागते ती वेगळीच.

भांडी

पग आणि शित्झूसारख्या चपट्या तोंडाच्या पिल्लांना खोल वाडगा अडचणीचा. त्यांना पसरट ताटली द्यावी, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. स्टीलचं भांडं उत्तम, पण गळ्यातला बिल्ला त्यावर खणखणला की भित्री पिल्लं मागे सरतात. जेवताना पट्टा काढावा आणि भांड्याखाली रबराची चटई घालावी. प्लॅस्टिकला जुना वास धरतो. लिंबाच्या वासाच्या साबणाने घासून नीट न विसळलेल्या भांड्याकडे तर पिल्लू फिरकत नाही. 'स्लो फीडर', म्हणजे सावकाश खायला लावणारं भांडं, हावरटांसाठी असतो, न खाणाऱ्याला तो देऊ नये. मुंग्यांसाठी कुठलाही खास बाऊल घेऊ नका, परातीत बोटभर पाणी घालून मध्ये भांडं ठेवलं की झालं. मुंग्या चढलेल्या ताटात एकदा नाक पोळलं की पिल्लू त्या जागेलाच घाबरतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी पूर्ण जेवण ठेवण्यात अर्थ नसतो. पहाटे सहाला आणि रात्री आठनंतर मोठे हिस्से, दुपारी भिजवलेलं थोडंसं.

ताज्या जेवणाचे डबे

पुण्या-मुंबईत शिजवून गोठवलेले डबे घरपोच देणाऱ्या सेवा वाढल्या आहेत. चवीला पिल्लं यांना सहसा नाही म्हणत नाहीत. ऑर्डर देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : हे वाढत्या पिल्लासाठी परिपूर्ण आहे की फक्त मोठ्या कुत्र्यासाठी, कॅल्शियम कशातून आणि किती घातलं आहे, आणि १०० ग्रॅमला कॅलरी किती. "सगळं नैसर्गिक आहे" हे या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. कॅलरीचा आकडा न सांगणाऱ्याकडून घेऊ नये, कारण मग मोजून वाढणंच शक्य होत नाही. डबा आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढावा, ओट्यावर ठेवून वितळवू नये, आणि वितळलेला दोन दिवसांत संपवावा. वीज वारंवार जाणाऱ्या गावात ही सेवा घेण्यात राम नाही. पहिल्या खेपेला महिन्याचं पॅकेज घेऊ नका, आठवड्याचे डबे मागवा. सात दिवसांत हळूहळू बदल करताना त्यातले निम्म्याहून थोडेच जास्त लागतात.